बापाचा रकाना

२००३ सालच्या मे महिन्यात मी एका बापाचा भर पाड्यात अपमान केला आणि त्यानंतर काही काळ मला त्याचा अभिमान वाटत होता. नव्या सेविकांना धीर यावा म्हणून प्रशिक्षणात ही हकिगत मी अनेकदा सांगितली. दर वेळी ती त्या माणसाच्या खाली गेलेल्या मानेपाशी थांबवली. पुढचं कधी सांगितलं नाही. ते आज लिहिते.

मी एकात्मिक बालविकास योजनेत मुख्यसेविका होते. १९९०मध्ये मुरबाड तालुक्यात रुजू झाले, पुढे शहापुरात बदली झाली, २०२४मध्ये निवृत्त झाले. मुख्यसेविका म्हणजे वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. वजनं नीट घेतात का, आहार पोरांच्या पोटात जातो का, कमी वजनाचं मूल कोणत्या घरात आहे, हे बघत तिने पाडोपाडी हिंडायचं. घराघरातल्या आया मला नावानिशी ओळखायच्या. बाप मात्र मला पाहिलं की खांद्यावरचा टॉवेल सावरत मागच्या दाराने निघून जायचे, आणि ते गेलेले मलाही बरे वाटायचे.

तो पाडा डोळखांबच्या अंगाला होता. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या बायका उन्हाळ्यात हंडे मांडून टँकरची वाट बघतात. टँकर विहिरीत पाणी ओततो, मग विहिरीभोवती दोर-बादल्यांची जी झुंबड उडते ती ज्याने पाहिली नाही त्याला एका हंड्याचं मोल कळायचं नाही. त्या दिवशी अंगणवाडीत पाच वर्षांचा एक मुलगा खाऊ घ्यायलाही उठत नव्हता. सेविकेने सदरा वर केला तर पाठीवर तीन वळ, एका ठिकाणी कातडी सोललेली. "काय सांडलंस रे?" तिने विचारलं. तिला बहुधा आधीच कळलं होतं. "पाणी," तो म्हणाला.

मी आणखी काही विचारलं नाही. संध्याकाळी टँकरच्या वेळी विहिरीवर गेले, त्या माणसाला हाक मारून पुढे बोलावलं आणि चाळीस-पन्नास माणसांदेखत बोल बोल बोलले. पोरं जन्माला घालायची अक्कल आहे, सांभाळायची नाही? दारूला पैसे मिळतात, पोराला अंगभर कपडा मिळत नाही? पुन्हा हात लावलास तर पोलिसांत देईन. तो एक शब्द बोलला नाही. पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला. बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या मी भेटीच्या नोंदवहीत लिहिलं, 'वडील व्यसनी, मुलास मारहाण करतात, समज दिली.'

जूनपासून तो मुलगा अंगणवाडीत दिसेना. आवणी सुरू आहे, शेतावर नेत असतील, असं मी धरून चालले. श्रावणात एकदा त्या पाड्यावर गेले तर लांबून, बांधावरून येतानाच दिसलं, की म्हातारी आजी अंगणात खेळणाऱ्या त्या पोराला दंडाला धरून घाईघाईने आत ओढते आहे. मला वाटलं विंचू-साप निघाला असेल. सेविका माझ्याबरोबर चालत होती. ती म्हणाली, "तुम्ही दिसलात म्हणून आत घेतला, बाई."

मग तिने सांगितलं. त्या मे महिन्यातल्या रात्री बापाने पोराला पुन्हा मारलं होतं, दार लावून. तुझ्यापायी मला त्या बाईची बोलणी खायला लागली, असं म्हणत. आणि आता मारतो ते कपड्याखाली झाकेल तिथे मारतो.

"दारू पिऊन?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तो माळकरी आहे बाई. कार्तिकीला आळंदीला जातो. गळ्यात माळ आहे त्याच्या."

माझ्यापासून हातभर अंतरावर तो माणूस दहा मिनिटं उभा होता आणि मला त्याची माळ दिसली नव्हती. नोंदवहीतली ओळ खोडायची तर शेजारी कारण लिहून सही करावी लागली असती. मी ती खोडली नाही. अजूनही कुठल्या तरी कपाटात ती तशीच असेल, माझ्या अक्षरात.

मारणारा बाप म्हटलं की तो दारुडाच, आळशीच, पोरांवर माया नसलेलाच, अशी माझी खात्री होती. ती कुठल्या पुस्तकातून आलेली नव्हती. घरून आलेली होती. आणि माझ्या घरातला बापही यातलं काहीच नव्हता, हे मी इतकी वर्षं स्वतःपासून दडवून ठेवलं होतं.

आमचं गाव टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याचं. दादा, म्हणजे माझे वडील, लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. महिन्या-दीड महिन्याने कल्याणहून एसटीने यायचे, पिशवीत शेव-बुंदी असायची, आणि दोन दिवस पाहुण्यासारखे राहून जायचे. त्या दोन दिवसांत त्यांनी आम्हाला कधी 'अरे'सुद्धा केलं नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दत्ता सामंतांच्या शब्दावर दादांचा इतका भरवसा होता, की पहिले चार महिने ते खोली धरून मुंबईतच राहिले. पावसाळ्याच्या तोंडाला गावी आले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तसे आमचे दादाही रीतसर परत आले असं कधी झालं नाही. ट्रंक वर्षभर भरलेलीच होती.

मी सोळा वर्षांची होते, धाकटा भाऊ अकराचा. भाऊ उशिरा उठला, मार. गुरं दुसऱ्याच्या शेतात शिरली, मार. दादा पीत नव्हते. उलट घरात सगळ्यांत आधी उठत, अंगण झाडत, आईला सरपण फोडून देत. त्यांना फक्त पोराशी बोलता येत नव्हतं. भात झोडणीच्या दिवसांत एकदा भाऊ उलटून बोलला, "तुम्ही तरी कुठं कामाला जाता?" खळ्यावर शेजारचे चार जण होते. दादांचा हात उठला तो त्याच्या डाव्या कानावर बसला. त्या कानातून पू यायला लागला तेव्हा आईने हळद-तेल घातलं. कल्याणच्या डॉक्टरकडे नेलं तोवर पडदा गेला होता.

दादा गेले तेव्हा मी रडले नाही. विहिरीवर त्या माणसाला मी जे बोलले त्यातलं अर्धं दादांना बोलायचं राहून गेलेलं होतं, हे मला तो माणूस माळकरी निघाल्यावर कळलं. म्हणजे मी एका पोराच्या पाठीवरच्या वळांसाठी भांडायला गेले आणि स्वतःचा हिशेब चुकता करून आले. त्याचं व्याज पोराने भरलं.

माझं मन ज्यामुळे बदललं ते काही मोठं नव्हतं. त्याच पाड्यावरच्या सेविकेने, जी सातवी शिकलेली होती आणि जिला मी बैठकीत अनेकदा नोंदी अपुऱ्या म्हणून बोलले होते, तिने २००५मध्ये वजनाचा दिवस बदलला. महिन्याची वजनं ती अमावास्येला घ्यायला लागली. अमावास्येला औत बंद असतं, बापे घरी असतात. ('बापे' म्हणजे आमच्याकडे पुरुष. बाया आणि बापे.) काटा तिने अंगणवाडीतून काढून आंब्याच्या फांदीला टांगला आणि सांगितलं, की आईने पोरगं झोळीत घालायचं नाही, बापाने घालायचं. मी तिला विचारलं, हे कुठल्या परिपत्रकात आहे? ती म्हणाली, "आयांचे हात दुखतात बाई."

मी पाहिलं ते असं. दोन-दोन वर्षांच्या पोरांचे बाप, त्यांतल्या काहींना पोराला काखेतून धरून उचलायचं कसं तेही ठाऊक नव्हतं. काटा हलायचा थांबेपर्यंत ते श्वास रोखून उभे राहायचे. मग प्रत्येक जण विचारायचा, "किती भरलं?" चौदा-पंधरा वर्षांच्या नोकरीत बापाच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि साहजिकच आहे, त्यांना विचारायला आम्ही कधी जागाच दिली नव्हती. आमच्या वाढीच्या तक्त्यावर, आहाराच्या वहीत, भेटीच्या वहीत आईसाठी रकानेच रकाने: आईचं वय, आईचं वजन, आईचं शिक्षण, आईला समुपदेशन केले किंवा कसे. समिती मातांची, मेळावा मातांचा. बापाचा रकाना एकच, नावाचा. जो माणूस घरातल्या पोराच्या जेवणापासून पाठीपर्यंत सगळ्याचा धनी, त्याच्याशी सरकार एक वाक्य बोलत नव्हतं. त्याच्याशी सरकार बोलायचं ते थेट पोलिसाच्या तोंडून.

त्या झाडाखाली एका अमावास्येला माळकरी आला. कडेवर पावणेदोन वर्षांची मुलगी, आणि मागे तो मोठा मुलगा, आता सात वर्षांचा. मुलगा मला पाहून आंब्याच्या बुंध्याआड गेला. वजन झाल्यावर सेविकेने त्याला बसवून घेतलं, मला खूण केली. मी माफी मागितली. मला ती नीट मागता आली नाही. माळ दिसली नाही एवढंच काहीतरी बोलले. तो म्हणाला, "माळेचं राहू द्या बाई. मी मारलं हे खरं होतं."

मग मी पहिल्यांदा बापाला विचारलं, की त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं होतं. 'का मारलंस' असं विचारलं की उत्तर पोराच्या चुकीचं येतं: सांडलं, ऐकलं नाही, मस्ती आली. 'सकाळपासून काय झालं' असं विचारलं की दुसरं काही येतं. तो भिवंडीच्या गोदामात हमालीला जायचा, पहाटे टेम्पोने. दोन दिवस टँकर आला नव्हता. त्याची बायको पाच महिन्यांची पोटुशी होती आणि लांबच्या ओहोळातला झरा उपसून दीड तासात तिने तो हंडा आणला होता. तो घरात शिरला तेव्हा हंडा आडवा होता आणि ती भिंतीला टेकून नुसती त्याकडे बघत होती. ती रडली असती तरी चाललं असतं, तो म्हणाला. पोराने कोंबडीच्या पिल्लांना पाजायला म्हणून हंडा कलता केला होता, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

"मग पोराला काही बोललास?"

"काय बोलू? मारलेलं परत घेता येतं का?"

आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "माझा बाप बैलाच्या आसुडाने मारायचा. मी शिंपटी घेतो. आसूड कधी घेतला नाही."

हे वाक्य मी पुढे वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या शब्दांत इतक्या वेळा ऐकलं, की आता मला ते मारणाऱ्या बापांचं मुख्य वाक्य वाटतं. जवळजवळ प्रत्येकाला आपण आपल्या बापापेक्षा सौम्य आहोत असं मनापासून वाटत असतं. त्याने पट्ट्याने मारलं, मी हाताने मारतो. त्याने उपाशी ठेवलं, मी जेवल्यावर मारतो. एक पायरी खाली उतरल्याचं समाधान त्यांच्यापाशी असतं, आणि आपण जाऊन त्यांना राक्षस म्हणतो तेव्हा त्या एका पायरीचाही अपमान होतो. पायरी पुरेशी नाही, हे तर खरंच. पण पुढची पायरी दाखवायची तर आधी ही मान्य करावी लागते.

त्यानंतर मी बापांशी बोलायला लागले. मुरबाड बाजारातल्या टपऱ्यांवर, म्हसाच्या जत्रेत, खळ्यावर, जिथे सापडतील तिथे. हळूहळू काही गोष्टी दिसायला लागल्या. एक म्हणजे पोराच्या वयाचा अंदाजच नसणं. तीन वर्षांचं पोर पेला सांडतं ते 'मुद्दाम', चार वर्षांचं अंधाराला घाबरतं ती 'नाटकं'. तीन वर्षांच्या हाताला भरलेला पेला पेलवत नाही, हे आम्ही आयांना तक्ते लावून शिकवत होतो. बापांना कोणी सांगितलंच नव्हतं. दुसरी गोष्ट, मार लगेच लागू पडतो. पोर गप्प होतं. बापाला वाटतं, बघा, कळलं. ते पाचच मिनिटं टिकतं, पण ती पाच मिनिटं बापाच्या डोळ्यांसमोर असतात आणि नंतरचं सगळं तो कामावर गेल्यावर घडतं. पुढच्या वेळी तेवढ्याने भागत नाही, हात जोरात पडतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट लाज. चार माणसांत पोर उलटून बोललं, मास्तरांनी बोलावून घेतलं, सासऱ्यासमोर पोराने जेवणावरून हट्ट केला. माझ्या दादांचा हात खळ्यावर उठला होता, घरात नाही. मी त्या माळकऱ्याला विहिरीवर जे केलं ते म्हणजे याच आगीत रॉकेल ओतणं होतं.

मला गरिबीचंही कारण पुरेसं वाटेनासं झालं. ठाकर-कातकरी वस्त्यांत लहान पोरांवर हात उचललेला मी फार कमी पाहिला. उलट शाळांमधून तक्रार असायची, की हे आईबाप पोरांना काही बोलतच नाहीत. त्याच कातकरी कुटुंबांना मी दिवाळीनंतर पडघ्याकडच्या वीटभट्ट्यांवर भेटायला गेले तेव्हा चित्र बदललेलं असायचं. उचल घेतलेली, हजार विटांवर मजुरी, रात्री दोन-तीनला उठून गारा तुडवायचा. वाळत घातलेल्या कच्च्या विटांवरून पोर धावलं की पाच-सात विटा मोडतात आणि त्या मोजणीत धरत नाहीत. पाड्यावर ज्या बापाने पोराला कधी चापट मारली नव्हती, तो भट्टीवर मारत होता. पोरगं तेच, बाप तोच. अंगण फक्त त्याचं राहिलं नव्हतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा आहे, पण उचल फिटेपर्यंत जागा सोडता न येणाऱ्या माणसाला मी भट्टीवर 'मुलाशी प्रेमाने बोला' असं सांगून आले, ते सांगताना मलाच कसंतरी झालं.

आणि दुसऱ्या टोकाला आसनगाव. फ्लॅट, पगार, इंग्रजी शाळा. पहाटे पाचच्या आत कसाऱ्याकडून येणारी लोकल धरून मुंबईला जाणारा, रात्री दहाला येणारा बाप. दिवसभर आईच्या तोंडी एकच: येऊ दे बाबांना, सांगते. बाबा दार उघडतात तेव्हा त्यांच्यासमोर दिवसाची फिर्याद वाचली जाते आणि पायांतले बूट काढायच्या आत त्यांना निकाल द्यायचा असतो. अशा एका बापाने मला सांगितलं, की मुलगी माझ्या चपलांचा आवाज ओळखते आणि झोपेचं सोंग घेते. तो पट्ट्याने मारायचा. माझ्याकडे तो माझ्या भाचीच्या ओळखीने आला होता, कारण त्याच्यासारख्या माणसाने जायचं कुठे हे त्याला ठाऊक नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं. मुंबईत १९९३पासून 'मावा' नावाची संस्था आहे, मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज, हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तिचा 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक मी त्याला दिला. पुरुष स्वतःबद्दल मराठीत बोलताहेत असं त्याने आधी कधी वाचलं नव्हतं. त्याची बायको आणि मी मिळून 'येऊ दे बाबांना' हे वाक्य त्या घरातून काढायचं ठरवलं. ते सगळ्यांत अवघड गेलं, बायकोलाच.

आपल्याकडे मार आणि माया यांची गाठ फार जुनी आहे. 'श्यामची आई'मध्ये पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते, आणि ते वाचून आपण सगळे रडलेलो आहोत, मीही. साने गुरुजींनी लिहिलेली ती आई लेकरासाठी काय काय करत होती ते आपण विसरतो आणि शिंपटी तेवढी लक्षात ठेवतो. मला कितीतरी बापांनी ऐकवलं, की माया आहे म्हणून मारतो, परक्याच्या पोराला मारतो का? दुसरीकडे आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात (पालघर २०१४च्या १ ऑगस्टला वेगळा झाला) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिक्षेवाचून, भीतीवाचून मुलं वाढवून दाखवली, थेट आदिवासींच्या अंगणात जाऊन. आमच्या प्रशिक्षणात दोघींचे फोटो भिंतीवर असायचे. खाली बसलेल्या आम्ही सगळ्या बाया.

२००७मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून अहवाल काढला. दर तीनांतल्या दोन मुलांनी मार खाल्ला होता, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी शंभरातल्या जवळपास ८९ जणांना मारणारे आईबापच होते. तो अहवाल आला तेव्हा मी पहिल्यांदा मोजलं, की एवढ्या आईबापांना राक्षस म्हणायचं तर माणसं म्हणून उरतं कोण. आणि तरीही, मार खाल्लेला पोरगा मारणारा बाप होतोच असंही नाही. अमेरिकेत कॉफमन आणि झिग्लर यांनी १९८७मध्ये आधीचे अभ्यास पडताळून सांगितलं, की असा वारसा साधारण तीस टक्क्यांत पुढे जातो. म्हणजे बाकीचे सत्तर कुठेतरी थांबतात. का थांबतात? सेल्मा फ्रायबर्ग या बाईंनी १९७५मध्ये एक उत्तर दिलं होतं, जे मला माझ्या झाडाखालच्या बापांत तंतोतंत दिसलं. मार आठवणं सगळ्यांनाच जमतं, पण तेव्हा आपल्याला कसं वाटलं होतं, ती भीती आणि ती लाज, ज्याला आठवते तो सहसा मारत नाही. माळकऱ्याला आसूड आठवत होता. आसुडाखालचा तो स्वतः त्याला आठवायला दोन वर्षं लागली. आठवलं त्या दिवशी तो बोलता बोलता उठून गेला.

तो पूर्ण थांबला असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. शिंपटी घरातून गेली. मुलगा मला पाहून लपायचा थांबला.

पण मला आणखी एक कबूल करायचं आहे, आणि ते या पहिल्या चुकीपेक्षा जड आहे. समजून घ्यायला शिकल्यावर मला त्याचा मोह पडला. २०१७मध्ये मुरबाड तालुक्यातल्या एका गावात सहा वर्षांच्या मुलीच्या हातावर चटक्याची खूण दिसली. चहा सांडला, असं बापाने सांगितलं. मी त्याच्या पडवीत बसले, सकाळपासून काय झालं ते विचारलं, त्याचं बालपण ऐकलं. तो फार छान बोलायचा. डोळ्यांत पाणी आणून बोलायचा. मी पुन्हा गेले, पुन्हा ऐकलं. तिसऱ्या खेपेला मुलीच्या मांडीवर उलथन्याच्या आकाराचा डाग होता. तेव्हा कुठे मी १०९८ला, मुलांच्या मदतवाहिनीला, फोन केला. बालकल्याण समितीसमोर ती मुलगी आजोळी द्यायची ठरली. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं ७५वं कलम, ज्यात मुलाला अशी इजा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ते मला पाठ होतं. पहिल्या चटक्याच्या दिवशीही पाठ होतं. दुसरा डाग माझ्या समजूतदारपणाच्या काळात उमटला. २००३मध्ये मी बाप पाहिला नाही, २०१७मध्ये मी मुलगी पाहिली नाही. आता मला कोणी सेविका विचारते तेव्हा मी सांगते, की भाजणं, हाड मोडणं, अंगाला नको तिथे हात लावणं, यात बापाचं काही ऐकत बसायचं नाही, आधी फोन. मूल सुरक्षित हातात गेलं की मग हवं तर त्याच्या पडवीत बस. आणि वळ असतील तर बस, पण रोज बस, आणि दर वेळी आधी पोराचा सदरा वर कर.

हे लिहून झाल्यावर मी भावाला वाचून दाखवायला गेले. तो कल्याणला राहतो. त्याला एक मुलगी आहे, तिच्यावर त्याने कधी हात उचललेला नाही. अभ्यासावरून ती रडायला लागली की तो उठून गच्चीत जाऊन उभा राहतो आणि थोड्या वेळाने परत येतो, हे मला वहिनीने सांगितलं. मी वाचायला लागले तशी त्याने खुर्ची उचलून फिरवून ठेवली, उजवा कान माझ्याकडे येईल अशी. आयुष्यभर तो असंच करत आला आहे, लग्नांत, बैठकांत, लोकलमध्ये. गिरणीचा, ट्रंकेचा भाग आला तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता.

मी म्हटलं, दादांचं मला आता थोडं कळतं.

"तुला कळू दे ताई," तो म्हणाला. "मला कळून घ्यायचं नाही. ते काम माझं नाही."

मी गप्प राहिले. हे खोडू का, असं शेवटी विचारलं.

"नको, लिही," तो म्हणाला. "पण माझा कान लिही."